वन्यजीवांचे घर आणि प्राध्यापकाची नोकरी

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक-विद्यार्थी मेळाव्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी डॉक्टर, इंजिनिअर, वकील येऊन आपापल्या व्यवसायाची माहिती देतात. ती उपयुक्त असते, यात शंका नाही. पण या वर्षी चिटणीस साहेबांनी मला बोलावून सांगितले, "मास्तर, ज्याचे आपल्याकडे कोणी नावही घेत नाही असा एखादा व्यवसाय मुलांना सांगा." मी बी. ए., बी. एड. झालेला, इतिहास आणि मराठी शिकवणारा माणूस. तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांनी माझे काही चुकल्यास सभेनंतर कान धरावा. विषय मी निवडला आहे तो असा : वन्यजीवांच्या अधिवासाचे व्यवस्थापन, म्हणजे या विषयाचा विद्यापीठात अभ्यास करणे, तो शिकवणे आणि ते ज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन पोहोचवणे, हे आयुष्यभराचे काम म्हणून पत्करणे.

हा विषय मी घेणार असे कळल्यावर एका पालकांनी मला रस्त्यात गाठून विचारले, "मास्तर, जनावरांचे शिकून माणसाचे पोट भरते काय?" प्रश्न रास्त आहे. ज्यांची दोन दोन पिढ्या आखातात राबून मुलांच्या फीचे पैसे पाठवीत आली, त्यांना हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्याचे उत्तर मी टाळणार नाही. पण आधी हे काम काय आहे ते समजून घेऊ.

अधिवास म्हणजे राहते ठिकाण. आपण भाड्याने घर बघायला जातो तेव्हा काय विचारतो? पाणी कोठून येते, बाजार किती लांब, पावसाळ्यात गळते काय, शेजार कसा आहे. लाव्या-तित्तिरालाही हेच पाहावे लागते. त्याला दाणापाणी हवे, ससाण्यापासून आणि कोल्ह्यापासून लपायला झुडूप हवे, अंडी घालायला गवत हवे. आणि हे सारे त्याच्या दिवसभराच्या चालण्याच्या टप्प्यात हवे. एका टोकाला दाणे आणि दोन मैलांवर झुडूप, असे असून त्याला उपयोग नाही. यांपैकी एकच गोष्ट कमी असली तरी बाकीच्या मुबलक असून व्यर्थ. घरात तांदळाचे पोते भरलेले आहे पण सरपण नाही, तर भात शिजणार नाही, आणि आणखी दोन पोती तांदूळ आणले म्हणूनही शिजणार नाही. कोणत्या प्राण्याच्या घरात नेमके कोणते सरपण संपले आहे, हे शोधून काढणे ही या विद्येची पहिली पायरी होय.

येथे एक गोष्ट जाता जाता सांगतो. वन्यजीव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाट जंगल येते आणि वन्यजीवांचे भले करायचे म्हणजे झाडे लावायची, अशी आपली समजूत असते. माळढोक पक्षी मोकळ्या माळावर राहतो. सोलापूरकडे नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य करण्यात आले. अशा माळावर दाट झाडे लावली तर ते त्याचे घर मोडण्यासारखे आहे. आपल्या कोकणातला सडा घ्या. कागदोपत्री तो पडीक. पण पावसाळ्यात त्याच सड्यावर फुलणाऱ्या कितीतरी वनस्पती दुसरीकडे सहसा आढळत नाहीत. शाळेच्या वृक्षारोपणाला माझा विरोध नाही, खड्डे मीही खणले आहेत. पण कोठे खणायचे आणि कोठे नाही हे ठरवायला शास्त्र लागते, एवढेच म्हणणे.

या शास्त्राला विद्यापीठात जागा मिळवून देणाऱ्यांत ज्यांचे नाव आधी घेतात ते प्राध्यापक म्हणजे अमेरिकेतील आल्डो लिओपोल्ड. जन्म १८८७, आयोवा राज्यातील बर्लिंग्टन गावी. १९०९ साली ते येल विद्यापीठातून वनशास्त्र शिकून बाहेर पडले आणि सरकारी वनखात्यात लागले. नेमणूक झाली नैऋत्येकडच्या ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको या रखरखीत मुलुखात. घोड्यावरून फिरणे, झाडे मोजणे, चराईचे परवाने देणे, असे काम. १९१३ साली फिरतीवर असताना वादळी पावसात सापडून ते असे आजारी पडले की मूत्रपिंडाच्या विकाराने वर्ष-दीड वर्ष कामावर जाता आले नाही. नवे लग्न झालेले, हाताशी पैसा बेताचा. तरी खात्यात परत आले.

त्या वेळी त्यांचे मत काय होते? लांडगे आणि डोंगरी सिंह मारून टाकावेत, म्हणजे हरणे वाढतील आणि शिकाऱ्यांना शिकार मिळेल. हे मत त्यांनी हिरिरीने मांडले होते, स्वतः लांडग्यावर गोळीही झाडली होती. पुढे अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर त्यांना दिसले की लांडगा संपला की हरणांची संख्या डोंगराला झेपेनाशी होते. ती झाडपाला ओरबाडून खातात, नवे रोप उगवू देत नाहीत आणि शेवटी स्वतः उपाशी मरतात. लिओपोल्ड यांनी आपले जुने मत चुकीचे होते हे छापून प्रसिद्ध केले. विद्वान माणसाची ही एक परीक्षा असते. आपल्याकडे सभेत एकदा बोललेला शब्द मागे घेणे म्हणजे नाक कापल्यासारखे वाटते, म्हणून मुद्दाम सांगितले.

१९२४ साली ते विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे सरकारी प्रयोगशाळेत आले. तेथले काम टेबलावरचे होते, मन रमेना. १९२८ साली नोकरी सोडली. बंदुका-काडतुसांच्या कारखानदारांच्या संघटनेने दिलेल्या पैशावर त्यांनी उत्तर-मध्य राज्यांतील वन्य पशुपक्ष्यांची पाहणी केली आणि १९३१ साली तिचा अहवाल प्रसिद्ध केला. मग जागतिक मंदीत तेही काम आटले. पाच मुले, वय पंचेचाळिशीच्या आसपास आणि कायम नोकरी नाही. पालकांनी हा भाग लक्षात ठेवावा. मी गुलाबी चित्र रंगवीत नाही.

१९३३ साली त्यांचा ग्रंथ निघाला, 'गेम मॅनेजमेंट'. त्याचा गाभा सांगायचा तर असा : जमिनीतून पीक काढावे तसे वन्य पक्षी-प्राणीही जमिनीची नीट निगा राखून टिकवता आणि वाढवता येतात, आणि ज्या साधनांनी माणसाने त्यांचे घर बिघडवले, म्हणजे कुऱ्हाड, नांगर, गुरे, आग, बंदूक, तीच साधने जाणतेपणाने वापरली तर घर पुन्हा उभे करता येते. गुरे हा शब्द ध्यानात ठेवा, पुढे भारतातली एक हकीकत सांगायची आहे तेथे तो उपयोगी पडेल.

त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांच्यासाठी या विषयाचे प्राध्यापकपद निर्माण केले. त्या देशात अशा विषयाचे हे पहिलेच पद. ते कोणत्या विभागात असावे? प्राणिशास्त्रात नव्हे, वनशास्त्रातही नव्हे, कृषी-अर्थशास्त्र विभागात! प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते, पण त्यामागे विचार होता. विस्कॉन्सिनमध्ये लावे, तित्तिर, ससे राहत होते ते शेतकऱ्यांच्या बांधावर आणि कुंपणाच्या कडेला. तेव्हा त्यांचे घर राखायचे की मोडायचे हे सरकारपेक्षा अधिक शेतकऱ्याच्या हाती होते. म्हणून प्राध्यापकाने शेतकऱ्यांच्या गोटातच बसावे. १९३९ साली वन्यजीव व्यवस्थापनाचा स्वतंत्र विभाग झाला, तेव्हा विभागप्रमुख लिओपोल्ड आणि प्राध्यापकही लिओपोल्डच. आमच्या एकशिक्षकी शाळांची आठवण व्हावी!

त्यांच्या कामाचे तीन भाग होते आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेले होते : संशोधन, वर्गातील शिकवणे आणि लोकांत जाणे.

लोकांत जाण्याचे उदाहरण आधी सांगतो, कारण मला स्वतःला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. मॅडिसनजवळ रायली नावाचे खेडे आहे. १९३१ साली लिओपोल्ड शिकारीच्या निमित्ताने तिकडे गेले असता एका शेतकऱ्याशी गाठ पडली. त्याचे दुखणे असे की शहरातले शिकारी न विचारता शेतात घुसतात, कुंपण मोडतात, आणि पक्षी तर राहिलेच नाहीत. दोघांच्या बोलण्यातून एक सहकारी मंडळ निघाले. शेतकऱ्यांनी जमीन द्यायची, शहरातल्या सभासदांनी खर्चाला पैसे द्यायचे. हिवाळ्यात बर्फ पडल्यावर पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचे, काही कोपरे न कापता झुडपांसाठी सोडायचे, आणि परवानगीशिवाय कोणी शेतात शिरायचे नाही. मंडळ वर्षानुवर्षे चालले. आणि गंमत अशी की प्राध्यापक झाल्यावर लिओपोल्ड यांनी आपले विद्यार्थी याच शेतांवर संशोधनाला पाठवले. शेतकऱ्याचा बांध हीच प्रयोगशाळा झाली.

याशिवाय विद्यापीठाच्या आकाशवाणी केंद्रावरून ते शेतकऱ्यांसाठी बोलत. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की तरुण शेतकरी थोड्या दिवसांच्या अभ्यासक्रमाला विद्यापीठात येत, त्यांचे वर्ग घेत. १९३८ ते १९४२ या काळात शेतकऱ्यांच्या एका नियतकालिकात छोटे छोटे लेख लिहीत. विषय साधे. काटक्यांचा ढीग रचून पक्ष्यांना आडोसा कसा करावा, बांधावरची कोणती झाडी ठेवावी. ज्याने जाडजूड ग्रंथ लिहिला त्याला काटक्यांच्या ढिगावर लिहायला लाज वाटली नाही. आपल्याकडे माणूस एम. ए. झाला की त्याचे मराठी शेतकऱ्याला कळेनासे होते, हा माझा अनुभव आहे. असो.

वर्गात ते केवळ पुढे या विषयात नोकरी करणाऱ्यांनाच शिकवीत नसत. त्यांचा एक अभ्यासक्रम विद्यापीठातल्या इतर शाखांच्या विद्यार्थ्यांनाही खुला होता. पुढे कोणी वकील होईल, कोणी दुकानदार, कोणी नुसताच मतदार. त्यालाही जमीन वाचता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. रस्त्याच्या कडेला कोणते तण उगवले आहे, ओढ्याचे पाणी गढूळ का, माती कोठून वाहून आली, यावरून त्या शेताचा मागचा इतिहास ओळखायचा. मी इतिहास शिकवतो. सनावळी पाठ करून घेण्यापेक्षा हे अवघड आहे, हे मी कबूल करतो.

१९३५ साली त्यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी सुमारे ८० एकरांचे एक उजाड, कस गेलेले शेत विकत घेतले. घर जळून गेलेले, उभी होती ती एक जुनी कोंबड्यांची शेड. तीच झाडूनपुसून कुटुंबाने सुट्टीचे घर केले. दर वसंतात आई-वडील आणि पाचही मुले मिळून झाडे लावीत. सुरुवातीच्या वर्षांत दुष्काळाने बहुतेक रोपे जळाली; पुढल्या वर्षी पुन्हा लावली. कोणता पक्षी कोणत्या तारखेला आला, कोणते फूल कधी उमलले, याच्या नोंदी घरातली सर्व मंडळी ठेवीत. या पाचांपैकी तीन मुले, त्यांत एक मुलगी, पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सभासद झाली. शिकवणीचा क्लास नव्हता. कुदळ, पाण्याची बादली आणि वही होती.

मुलींचा विषय निघाला म्हणून सांगतो. लिओपोल्ड यांच्या हाताखाली फ्रान्सिस हॅमरस्ट्रॉम नावाच्या बाईंनी १९४० साली एम. एस. पदवी घेतली. ऐश्वर्यात वाढलेली मुलगी, पण माळावरच्या प्रेअरी चिकन नावाच्या पक्ष्याच्या अभ्यासासाठी ती आणि तिचा नवरा नळाचे पाणीही नसलेल्या जुन्या घरात राहिली. प्रेअरी चिकन हा कोंबडीच्या कुळातला पक्षी, मोठा माळ मोडला की नाहीसा होणारा. सबंध प्रदेश विकत घेणे कोणालाच शक्य नव्हते. या नवराबायकोने अभ्यासाअंती सांगितले की गवताचे तुकडे शेतीच्या मधेमधे योग्य अंतरावर विखरून राखले तरी पक्षी टिकेल. लोकांच्या संस्थांनी पैसे जमवून तसे तुकडे घेतले. भल्या पहाटे लपणीत बसून पक्षी मोजायला वर्षानुवर्षे हजारो साधे लोक त्यांच्याकडे येत राहिले. विस्कॉन्सिनमध्ये तो पक्षी आजही आहे.

आता या व्यवसायातली कडू बाजू. १९४० नंतर विस्कॉन्सिनच्या जंगलात हरणे भरमसाट वाढली. लांडगे जवळजवळ संपले होते आणि कायद्याने फक्त नर मारायची मुभा होती. हिवाळ्यात हरणे उपाशी मरू लागली. लिओपोल्ड यांनी लोकांना नेऊन ओरबाडलेली झाडे आणि मेलेली पाडसे दाखवली व सांगितले की माद्यांची संख्याही कमी करावी लागेल. १९४३ साली ते राज्याच्या संरक्षण आयोगाचे सभासद झाले आणि त्याच वर्षी माद्याही मारण्याची परवानगी देण्यात आली. सव्वा लाखाच्या आसपास हरणे मारली गेली. राज्यात हलकल्लोळ झाला. त्यांच्याविरुद्ध खास पत्र निघाले. ज्याने जन्मभर वन्यजीवांचे काम केले त्याला लोक हरणांचा वैरी म्हणू लागले. परवानगी मागे घेतली गेली. लिओपोल्ड मरेपर्यंत आयोगावर राहिले आणि तेच सांगत राहिले. लोकांना ते त्यांच्या हयातीत पटवून देता आले नाही. माझ्या मते त्यांचे शास्त्र बरोबर होते. पण ज्याला लोकांत जाऊन काम करायचे आहे त्याने बरोबर असूनही शिव्या खाण्याची तयारी ठेवावी लागते, हे मुलांना आजच सांगितलेले बरे.

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील गवताला लागलेली आग विझवायला ते धावले आणि तेथेच हृदयविकाराने गेले. त्यांचे निबंधांचे पुस्तक छापायला स्वीकारले गेल्याची बातमी त्यांना आठवडाभर आधीच आली होती. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' या नावाने ते १९४९ साली निघाले.

हे झाले अमेरिकेचे. आता ती गुरांची गोष्ट. राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचे पाणथळ क्षेत्र आहे, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. पूर्वी ते तेथल्या महाराजांचे बदकांच्या शिकारीचे ठिकाण होते. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या वेळी एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. तो आकडा तेथे दगडावर कोरलेला आहे. ही जागा वाचावी म्हणून ज्यांनी झटून प्रयत्न केले त्यांत डॉ. सालिम अली अग्रभागी होते. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले. आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान् पिढ्या तेथे चरत असत. म्हशी म्हणजे उपद्रव, त्या बाहेर काढल्या की पक्षी सुखी होतील, असे सर्वांनाच वाटले. सालिम अलींचेही तेच मत होते. १९८२च्या नोव्हेंबरात चराई बंद करण्यात आली. गावकरी आणि पोलीस यांच्यात चकमक झाली आणि त्यात काही गावकऱ्यांचे प्राण गेले.

त्याआधीच, १९८० साली, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संशोधकांनी डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली तेथे दीर्घ मुदतीचा अभ्यास सुरू केला होता. तो दहा वर्षे चालला. त्यात काय दिसले? म्हशी गेल्या आणि पास्पालम नावाचे पाणगवत माजले. उघडे पाणी गवताने झाकून गेले, मासे कमी झाले, आणि ज्या पक्ष्यांना मोकळे पाणी लागते त्यांना जागा उरली नाही. म्हशी ते गवत खात होत्या, हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. १९३३ सालच्या ग्रंथात गुरे हे साधन म्हणून सांगितले होते, ते येथे पन्नास वर्षांनी पुन्हा शिकावे लागले, आणि तेही माणसांचे जीव गेल्यावर. त्या गावकऱ्यांना बोलावून कोणी आधी विचारले असते, म्हशी आत काय खातात, तर कदाचित त्यांनीच सांगितले असते. मात्र एक गोष्ट संशोधकांच्या पदरी टाकली पाहिजे. ज्या संस्थेशी सालिम अलींचे नाव अभेद्यपणे जोडलेले, त्याच संस्थेच्या माणसांनी त्यांच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष लपवला नाही. पुढे गावकऱ्यांना गवत कापून नेण्याची मुभा देण्यात आली.

सालिम अलींविषयी दोन शब्द. मुंबईत १८९६ साली जन्म, लहानपणीच आई-वडील गेलेले, मामांकडे वाढलेले. कॉलेज पुरे झाले नाही. पक्ष्यांचे ज्ञान अफाट, पण पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यात जागा मिळाली नाही. त्यांनी बर्लिनला जाऊन १९२९-३० साली संग्रहालयात शिक्षण घेतले. परत आल्यावरही नोकरी नाहीच. तेव्हा आपल्याच कोकणात, अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचे निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी पसंत करते तेव्हाच ते पुरे होते आणि मग तो दुसरे घरटे, दुसरी मादी यांच्या मागे लागतो, हे त्यांनी नोंदले. (मागच्या बाकांवरचे हसणे पुरे.) शिडी, वही आणि धीर, एवढ्या भांडवलावर केलेले हे काम आहे. त्याच सालिम अलींना १९५८ साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. पण विद्यार्थ्यांनी यातून पदवीची गरज नसते असा अर्थ काढू नये. आज पदवीशिवाय या क्षेत्राचे दार उघडत नाही.

ती पदवी कशी मिळवायची ते आता सांगतो. बारावीला विज्ञान शाखा, जीवशास्त्र हवे. पुढे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, पशुवैद्यक किंवा वनशास्त्र यांपैकी पदवी. आपल्या जवळ दापोलीला कोकण कृषि विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आहे. कित्येक पालकांना ते आंब्या-काजूचे विद्यापीठ म्हणूनच माहीत आहे. त्यानंतर वन्यजीवशास्त्रात एम. एस्सी. डेहराडूनला १९८२ साली स्थापन झालेली भारतीय वन्यजीव संस्था आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. दोन्हीकडे प्रवेशपरीक्षा असते, जागा थोड्या असतात. मग पीएच. डी. त्यानंतर विद्यापीठात अध्यापन, संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, किंवा स्वयंसेवी संस्थेत काम. ज्यांना प्रशासनात जायचे आहे त्यांना केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय वनसेवेत जाता येते. पण तो वेगळा रस्ता आहे.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. पोट भरते काय? भरते, पण उशिरा भरते. पीएच. डी. होईपर्यंत मुलगा किंवा मुलगी तिशीच्या आसपास पोहोचते. मधल्या काळात शिष्यवृत्ती असते, तिच्यात एकट्याचे भागते, घरी पाठवायला फारसे उरत नाही. कायम जागा कमी आहेत आणि मुदतीच्या प्रकल्पांवरच्या नेमणुका पुष्कळ. ज्या घरात मोठ्या मुलाच्या पगारावर धाकट्या बहिणींची लग्ने अवलंबून आहेत त्या घराने या वाटेला जाण्यापूर्वी हिशेब मांडावा. मी कोणाला भरीस घालणार नाही. उलट ज्या घराला दहा वर्षे धीर धरणे परवडेल, त्याने केवळ शेजाऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला म्हणून आपल्या मुलाचा कल मोडू नये. इंजिनिअर होऊन घरी बसलेली मुलेही आपल्या वस्तीत आहेत. नावे घेत नाही.

मुलींच्या पालकांची काळजी निराळी असते, तीही मला ठाऊक आहे. जंगलात, परक्या गावी, रात्री-अपरात्री. या क्षेत्रात आज पुष्कळ मुली काम करीत आहेत आणि काम एकटीने नव्हे, गटाने चालते. निर्णय आपला, पण माहिती न घेता नकार देऊ नये, एवढी विनंती.

आणि ज्यांना यापैकी काहीच व्हायचे नाही, जे गावातच राहतील, त्यांच्यासाठी मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण आहे. तेथे समुद्रकासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. पूर्वी ती अंडी खणून नेली जात. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखण्याचे काम सुरू केले. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येऊ लागले, गावातल्या घरांतून त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय होऊ लागली, चार पैसे मिळू लागले. वाळू हे कासवाचे घर आहे, ते राखले तर आपल्याही घराला लाभ होतो, हे वेळासच्या लोकांनी करून पाहिले. प्राध्यापक जे शिकवतो ते शेवटी अशाच ठिकाणी कसाला लागते.

अध्यक्ष महोदयांना एक अर्ज करतो आणि बसतो. सालिम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' शाळेच्या ग्रंथालयासाठी घ्यावे आणि दोन साध्या दुर्बिणी द्याव्यात. खर्चाचा अंदाज मी लिहून चिटणीस साहेबांकडे दिला आहे. आठवी ते दहावीच्या ज्या मुलामुलींना यायचे असेल त्यांनी सभेनंतर नावे माझ्याकडे द्यावीत, पालकांची सही आणून. येत्या रविवारी सकाळी सहा वाजता शाळेच्या फाटकाशी जमायचे, सड्यावर जायचे आहे. बरोबर वही, पेन्सिल आणि पाण्याची बाटली आणावी. चपला घालून येऊ नये, कातळावर पाय घसरतो.